वाचकांचे प्रश्न : रायफलची दुर्बीण आणि तिची बैठक

अचूक नेमबाजीविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. रायफलीवरच्या दुर्बिणीत नेमके काय पाहावे आणि ती बसवावी कशी, हा प्रश्न चारही पत्रांत या ना त्या रूपाने आला आहे. पत्रे संक्षेपाने छापली आहेत.

प्रश्न : मी टेक्सासमध्ये ऑस्टिनला राहतो. दोन वर्षांपासून ६.५ क्रीडमूर काडतुसाच्या रायफलने क्लबमध्ये सराव करतो आहे. आता लांब पल्ल्याच्या स्पर्धांत उतरायचे आहे. काही मित्र एफ-क्लास सुचवतात, काही पीआरएस. दुर्बिणीसाठी दोन हजार डॉलर बाजूला ठेवले आहेत. विशालन, म्हणजे चित्र मोठे करण्याची ताकद, जितके जास्त तितके चांगले, आणि रायफलीइतकेच पैसे दुर्बिणीवर घालावेत, असे सगळे सांगतात. हे खरे आहे का?

उत्तर : पैसे मोजण्याआधी खेळ ठरवा, कारण या दोन खेळांना लागणाऱ्या दुर्बिणी एकमेकींपासून बऱ्याच वेगळ्या आहेत, आणि दोन्हींना चालेल अशी एक घ्यायला गेले तर बहुतेक वेळा ती दोन्हीकडे कमी पडते.

एफ-क्लासमध्ये नेमबाज पालथा झोपतो, रायफलीचा पुढचा भाग टेकूवर असतो आणि लक्ष्याचे अंतर आधीच ठाऊक असते. कॅनडातील जॉर्ज फार्क्वारसन यांनी, वयोमानाने नजर आणि हात पूर्वीसारखे न राहिलेल्या जुन्या नेमबाजांना खेळत राहता यावे म्हणून हा प्रकार सुरू केला. त्यातले ‘एफ’ हे अक्षर त्यांच्याच आडनावाचे आहे. अमेरिकेत १,००० यार्डांवरच्या, म्हणजे ९१४ मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ १० इंच व्यासाचे आणि त्याच्या आतले ‘एक्स’ वर्तुळ ५ इंच व्यासाचे असते. याउलट पीआरएसमध्ये, म्हणजे प्रिसिजन रायफल सीरीजमध्ये, दीड-दोन मिनिटांत लाकडी अडथळ्यावर, पिंपावर, कधी छपराच्या उतारावर रायफल टेकवून वेगवेगळ्या अंतरांवरच्या पोलादी पाट्या टिपायच्या असतात, आणि पहिल्या गोळीचेही गुण मोजले जातात.

या शेवटच्या फरकावर दुर्बिणीची निवड ठरते. एफ-क्लासमध्ये चाचणीच्या गोळ्या मिळतात; दुर्बिणीचा नेम सरकवणारा नॉब कोनाची ४० मिनिटे फिरवल्यावर फुली, म्हणजे दुर्बिणीत दिसणारी नेमाची खूण, प्रत्यक्षात ३९.५ मिनिटेच सरकली, तरी ती चूक पहिल्याच गोळीत दिसते आणि दुरुस्त करता येते. तिथे महत्त्व असते ते दोन गोष्टींना : एकदा बसवलेली फुली वीस गोळ्यांच्या धक्क्यांत तसूभरही हलू नये आणि अगदी बारीक दुरुस्ती करता यावी. पीआरएसमध्ये मात्र नॉबवरचा आकडा हाच तुमचा शब्द. तुमच्या ६.५ क्रीडमूरला १,००० यार्डांसाठी साधारण ९ मिलिरेडियन (हेही कोनाचेच माप) वर जावे लागते. दुर्बीण शंभरात दोन इतकी चुकत असेल, तर त्या अंतरावर गोळी सुमारे १६ सेंटिमीटर खालीवर जाते. वारा, श्वास आणि टेकूची डगमग यांच्या चुका त्यात मिळवल्या, की पाटी हुकते. आणि नेमबाज मात्र दोष वाऱ्याला देतो.

एककांविषयीचा गोंधळ इथेच दूर करतो. कोनाचे एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. १०० यार्डांवर ते १.०४७ इंच आणि १०० मीटरवर २९ मिलिमीटर भरते. एक मिलिरेडियन, ज्याला सगळे ‘मिल’ म्हणतात, १०० मीटरवर बरोबर १० सेंटिमीटर भरते. एका मिलमध्ये ३.४४ मिनिटे असतात. दोन्ही पद्धती सारख्याच अचूक आहेत. एफ-क्लाससाठी एका क्लिकला एक-अष्टमांश मिनिट सरकणारी दुर्बीण घ्यावी, कारण १,००० यार्डांवर ती ३.३ सेंटिमीटरची पावले टाकते. तिथेच ०.१ मिलची पावले ९ सेंटिमीटरची होतात, आणि पावणेतेरा सेंटिमीटरच्या ‘एक्स’ वर्तुळासाठी ती फार ढोबळ आहेत. पीआरएसला मात्र ०.१ मिलच योग्य. तिथे घड्याळ चालू असताना आकडे लहान आणि मोजायला सोपे हवेत. एक अट कुठेही सोडू नका : आतल्या फुलीच्या खुणा आणि नॉबचे क्लिक एकाच एककात असले पाहिजेत. फुली मिलमध्ये आणि नॉब मिनिटांत अशी दुर्बीण अजूनही विकली जाते, आणि ऐन स्पर्धेत तिचा हिशेब कोणालाही जमत नाही.

फुली, म्हणजे रेटिकल, पहिल्या नाभीय प्रतलात आहे की दुसऱ्या, म्हणजे दुर्बिणीत प्रतिमा उमटते त्या दोन पातळ्यांपैकी कोणत्या पातळीवर, हा पुढचा प्रश्न. पहिल्या प्रतलातली फुली विशालनाबरोबर लहानमोठी होते, म्हणून तिच्यावरच्या खुणांचे माप कोणत्याही विशालनाला खरे राहते. पीआरएसमध्ये वाऱ्यासाठी फुलीच्या बाजूच्या खुणेवर नेम धरावा लागतो, त्यामुळे तिथे हीच हवी. दुसऱ्या प्रतलातली फुली नेहमी तेवढीच बारीक दिसते आणि लक्ष्याचे केंद्र झाकत नाही, पण तिच्या खुणा एकाच विशालनाला, बहुधा सर्वांत मोठ्या विशालनाला, खऱ्या असतात. एफ-क्लासचे बहुतेक जाणकार हीच पसंत करतात.

आता विशालन. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले विशालन इतक्या जाडीची प्रकाशशलाका डोळ्यात शिरते. ५० मिलिमीटरच्या भिंगाला २५ पट विशालनावर ती २ मिलिमीटरची असते, आणि भर दिवसा आपली बाहुली तेवढ्याच सुमाराची असते. ५२ मिलिमीटरच्या भिंगावर ५५ पट विशालन वापरले, की शलाका एक मिलिमीटरहूनही बारीक होते. चित्र अंधारते, डोके केसभर हलले तरी काळी कड येते, आणि टेक्सासच्या जुलैत जमिनीवरून उठणारे मृगजळही ५५ पट मोठे दिसते. एफ-क्लासवाले नेमबाज हे मृगजळ वाचून वाऱ्याचा अंदाज घेतात, तरी दुपार चढू लागली की तेही ३० पटांच्या आसपास उतरतात. पीआरएसमध्ये २५ किंवा ३० पटांची दुर्बीण घेतलेला माणूस प्रत्यक्षात १२ ते १८ पटांवरच खेळताना दिसेल, कारण गोळी पडल्यावर उडालेली धूळ दिसायला दृश्याचा विस्तार लागतो. तेव्हा जितके जास्त तितके चांगले, हे मला मान्य नाही. विशालनापेक्षा काचेच्या दर्जाला पैसे द्यावेत.

काचेचा दर्जा म्हणजे काय, हेही थोडे सांगतो. उघड्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. दुर्बिणीत दहा भिंगे, म्हणजे वीस पृष्ठे धरली, तर निम्म्याहून अधिक प्रकाश वाटेतच संपतो, आणि परतलेला प्रकाश आतल्या आत फिरून चित्र पांढुरके करतो. झाईस कंपनीतील अलेक्झांडर स्मकुला यांनी १९३५ साली परावर्तनरोधक लेपाची कृती शोधली, तेव्हापासून हा तोटा आवरता आला. आजच्या चांगल्या बहुपदरी लेपांनी तो प्रत्येक पृष्ठावर अर्ध्या टक्क्याच्याही खाली आणला आहे. म्हणून दुकानात दुर्बिणीतून समोरची भिंत पाहू नका. बाहेर या, सूर्य तिरका समोर असताना झाडाच्या सावलीतला तपशील दिसतो का ते पाहा, आणि उजळ आकाशापुढच्या फांदीच्या कडेला जांभळी-हिरवी झालर दिसते का ते पाहा.

दुर्बिणीच्या नळीच्या जाडीविषयी एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. ३४ मिलिमीटरची नळी ३० मिलिमीटरच्या नळीपेक्षा जास्त प्रकाश आणत नाही. प्रकाश पुढच्या भिंगावर ठरतो. जाड नळीचा खरा लाभ असा, की आतल्या फुलीच्या यंत्रणेला खालीवर सरकायला अधिक जागा मिळते.

दोन हजार डॉलरांत तुम्हाला लिओपोल्ड, व्होर्टेक्स, बर्रिस, बुशनेल यांच्या स्पर्धेसाठी केलेल्या मालिका पाहता येतील, आणि वापरलेली चालत असेल तर नाइटफोर्सही आवाक्यात येईल. कालेस, श्मिट अँड बेंडर, टँजंट थीटा, मार्च ही नावे याच्या वरच्या पायरीवर आहेत. मात्र या दोन हजारांतले तीनशे दुर्बीण रायफलीवर धरणाऱ्या माउंटसाठी आणि पन्नास ठरावीक जोराने स्क्रू आवळणाऱ्या टॉर्क-पान्यासाठी आजच वेगळे काढा. रायफलीइतके पैसे दुर्बिणीवर घालावेत, या नियमाला मी आधार पाहिलेला नाही. रायफलीची नळी झिजते आणि बदलावी लागते, पण चांगली दुर्बीण एका रायफलीवरून दुसरीवर जाते, एवढाच त्यातला खरा भाग. आणखी एक : तुमची क्रीडमूर एफ-क्लासच्या एफ-टीआर गटात चालणार नाही, कारण तिथे फक्त .२२३ आणि .३०८ काडतुसांना परवानगी आहे. तुम्हाला दुसऱ्या, एफ-ओपन गटात उतरावे लागेल, आणि तिथे दुर्बिणीसह वजनाची मर्यादा १० किलो आहे. म्हणून दुर्बिणीचे वजन विचारल्याशिवाय मागणी नोंदवू नका.

घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात, परत करण्याची मुदत आहे तोवर, एक परीक्षा करा. १०० मीटर अंतर टेपने मोजा. क्लबच्या फलकावर विश्वास ठेवू नका, कारण पुष्कळ मैदानांवर लिहिलेले शंभर हे यार्ड असतात. उंच फळीवर ओळंब्याने उभी रेघ मारा आणि तळापासून बरोबर १०० सेंटिमीटरवर खूण करा. रायफल जड टेकूत पक्की अडकवा, फुली खालच्या खुणेवर आणा आणि नॉब १० मिल फिरवा. रायफल हलली नसेल, तर फुली वरच्या खुणेवर आली पाहिजे आणि पूर्ण वेळ रेघेवरून चालत गेली पाहिजे. मैदान १०० यार्डांचेच असेल, तर खूण ९१.४ सेंटिमीटरवर करा. वर-खाली असे दहा वेळा करून ती दर वेळी मूळ खुणेवर परतते का, हे वहीत लिहा. यासाठी एकही गोळी खर्चावी लागत नाही. तरीही हे करणारे नेमबाज थोडे आहेत, याचे मला दर मोसमात वाईट वाटते.

प्रश्न : मी न्यू जर्सीला असतो. माझ्याकडे .३०८ रायफल आणि ३० मिलिमीटर नळीची चांगली दुर्बीण आहे. नॉबने होणारी तिची एकूण उभी सरक ६० मिनिटे आहे. १,००० यार्डांवर नॉब संपतो. एका ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावरून मी दुर्बीण धरणाऱ्या मागच्या रिंगखाली शीतपेयाच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी घातली. आता अंतर गाठते, पण शून्य, म्हणजे नेम आणि गोळी जुळलेली जागा, टिकत नाही : सकाळी एक आणि दुपारी एक. दुर्बीण बिघडली आहे का?

उत्तर : दुर्बीण बहुधा ठीक आहे, पण तिच्यावर अन्याय होतो आहे. ती पट्टी आजच काढा.

तुमचा नॉब का संपतो, ते आधी पाहू. एकूण सरक ६० मिनिटे म्हणजे मधोमध शून्य धरल्यास वर जाण्यासाठी ३० मिनिटेच उरतात, आणि .३०८ ला १,००० यार्डांसाठी सुमारे ४० मिनिटे लागतात. यासाठी २० मिनिटांचा उतार दिलेली रेल, म्हणजे रिंगा ज्यावर बसतात तो रायफलीवरचा खाचांचा दांडा, मिळते. तिचे मागचे, म्हणजे नेमबाजाकडचे टोक जाड असते. १३० मिलिमीटर लांबीत हा फरक जेमतेम पाऊण मिलिमीटर भरतो. त्यामुळे दुर्बीण किंचित खाली पाहते, शून्य लावताना तुम्ही सरकेच्या तळाजवळ येता, आणि वर जाण्यासाठी ३० ऐवजी ५० मिनिटे मिळतात. खाली १० उरतात, आणि १०० यार्डांवरच्या शून्याला तेवढी पुरतात. तुम्हाला हवी होती ती हीच रेल.

पट्टीनेही अंतर गाठते, मग तिच्यात वाईट काय? उतार दिलेल्या रेलवर दोन्ही रिंगा एका रेषेत राहतात. दोघी मिळून कलतात. एकाच रिंगखाली पट्टी घातली, की दोन रिंगांच्या मध्यरेषा एकमेकींशी जुळत नाहीत, नळी रिंगेच्या पूर्ण वर्तुळावर न टेकता कडांवर टेकते, आणि स्क्रू आवळताना ती वाकते. वाकलेल्या नळीत फुलीची यंत्रणा ओढाताणीत राहते. ऊन तापले, काही गोळ्यांचे धक्के बसले, की हा ताण थोडा थोडा मोकळा होतो आणि शून्य सरकते. प्रमाणाची कल्पना यावी म्हणून एक हिशेब देतो : रिंगांमधले अंतर १०० मिलिमीटर असेल आणि त्यांतली एक कागदाच्या जाडीएवढी, म्हणजे ०.१ मिलिमीटर हलली, तर नेम एक मिलने बदलतो. म्हणजे १०० मीटरवर १० सेंटिमीटर, आणि १,००० यार्डांवर ९१ सेंटिमीटर. तिथे दहाचे वर्तुळ पंचवीस सेंटिमीटरचे आहे. हजारो डॉलरांच्या भिंगांचे भवितव्य एका कागदाच्या जाडीवर टांगलेले असते, म्हणून मी माउंटविषयी इतक्या आग्रहाने लिहितो.

माझ्या पहिल्या मोसमात मला याचा धडा मिळाला. दोन दिवसांच्या सामन्यात माझ्या गोळ्या आधी उजवीकडे, मग वर, मग पुन्हा मध्यावर जाऊ लागल्या. मी दोन्ही दिवस वाऱ्याच्या नोंदी खोडून पुन्हा लिहीत राहिलो. घरी येऊन दुर्बीण उतरवली तेव्हा रेलचा पुढचा स्क्रू बोटाने फिरला. रेल बसवून देणाऱ्या कारागिराने स्क्रूच्या आट्यांतले तेल पुसलेलेच नव्हते, आणि मीही तपासले नव्हते. तेव्हापासून दुसऱ्याने बसवलेली बैठक मी उघडून पुन्हा बसवल्याशिवाय वापरत नाही.

आता कामाचा क्रम सांगतो. रेल काढा; रायफलीच्या पाठीवरची आणि स्क्रूंवरची चिकटाई सॉल्व्हंटने पुसून कोरडी करा. रेल नुसती ठेवून एका टोकावर बोट दाबा. दुसरे टोक उचलले गेले, तर पाठ आणि रेल जुळत नाहीत, आणि तशीच आवळली तर रेल वाकेल. अशा वेळी तिच्याखाली इपॉक्सीचा पातळ थर देऊन ती ताणाविना बसवणे हा जाणत्या कारागिराचा उपाय आहे. या स्क्रूंना मध्यम ताकदीचा आटेबंद द्रव लावायला हरकत नाही. रिंगांच्या टोप्यांच्या स्क्रूंना मात्र तो लावू नका : ओल्या आट्यांत घर्षण कमी होते, त्यामुळे पान्यावर तोच आकडा दिसत असताना दाब प्रत्यक्षात जास्त पडतो आणि नळीवर वळ उठतात.

तुमच्या राज्यातल्या पिकॅटिनी आर्सेनलचे नाव ज्या रेलला मिळाले, तिचे लष्करी मानक १९९५ सालचे आहे. खाचेची रुंदी ५.२३ मिलिमीटर आणि एका खाचेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंतचे अंतर १०.०१ मिलिमीटर असे ते नेमके ठरलेले आहे. जुन्या वीव्हर रेलच्या खाचा अरुंद असतात, म्हणून वीव्हरचा माउंट पिकॅटिनीवर बसतो पण खाचेत सैल राहतो, आणि पिकॅटिनीचा वीव्हरवर बसतच नाही. माउंट खाचेत ठेवल्यावर आवळण्याआधी तो रायफलीच्या नळीच्या टोकाच्या दिशेने पुढे दाबून धरा. गोळी सुटते तेव्हा रायफल मागे येते आणि दुर्बीण जडत्वाने जागीच राहू पाहते. म्हणजे रायफलीच्या हिशेबाने ती पुढे सरकू पाहते. माउंट आधीच खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकलेला असला, तर त्याला सरकायला जागाच उरत नाही.

दोन सुट्या रिंगा घ्याव्यात की एकसंध माउंट, याचे माझे उत्तर तुमच्या बाबतीत स्पष्ट आहे. एकसंध माउंटमध्ये दोन्ही रिंगा एकाच धातूच्या ठोकळ्यातून एकाच बैठकीत कापलेल्या असतात, त्यामुळे त्या एका रेषेत असतातच. स्वीडनच्या स्पूर कंपनीने तर त्यातच पाणसळ आणि फुली सरळ करण्याची सोय दिली आहे. त्याचे वजन आणि किंमत अधिक आहे. सुट्या रिंगाच ठेवायच्या असतील, तर बर्रिसच्या सिग्नेचर रिंगांत गोलाकार कृत्रिम अस्तरे असतात. ती नळीच्या रेषेप्रमाणे आपोआप वळतात, आणि वेगवेगळ्या जाडीची अस्तरे घालून नळी न वाकवता हवी तेवढी मिनिटे मिळवता येतात. पत्र्याच्या पट्टीने तुम्ही जे साधायला गेलात, ते या रिंगा योग्य रीतीने साधतात. रिंगा घासून जुळवण्याची जुनी पद्धत स्वस्त रिंगांसाठी ठीक होती. नेमक्या मापात कापलेल्या माउंटला घासणीचा दांडा लावला, तर तो बिघडेल.

उंचीबद्दल ‘जितके खाली तितके उत्तम’ असे म्हणतात, पण मानेचे ऐका. पालथे झोपून, डोळे मिटून, गाल दस्त्यावर टेकवा आणि मग डोळे उघडा. मान न ताणता चित्र पूर्ण दिसले पाहिजे. डोळ्यापासूनचे अंतरही याच स्थितीत आणि सर्वांत मोठ्या विशालनावर ठरवा, कारण तिथे डोळ्याला सर्वांत कमी मोकळीक असते. बाकावर बसून ठरवलेले अंतर जमिनीवर झोपल्यावर हमखास चुकते. पुढचे भिंग रायफलीच्या नळीला टेकत नाही, हे दोहोंमधून कागद फिरवून पाहा.

फुली सरळ करण्यासाठी गवंड्याच्या ओळंब्याहून चांगले साधन मला सापडलेले नाही. ५० मीटरवर ओळंबा टांगा, रायफलीची रेल पाणसळीने आडवी करा आणि टोप्या सैल असतानाच फुलीची उभी रेघ दोरीला जुळवा. हे बारीक काम वाटेल, पण ८०० मीटरवर तुम्ही १० मिल वर गेला असाल, तर ती उंची ८ मीटरची झाली. एका अंशाचा तिरकसपणा त्या ८ मीटरचे १४ सेंटिमीटर बाजूला नेतो. मग टोप्यांचे स्क्रू आलटून पालटून, कर्णरेषेत, थोडे थोडे आवळा आणि दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या ठेवा. आकडा माउंटबरोबरच्या कागदावर असेल तोच घ्या. बहुतेकदा तो १५ ते १८ इंच-पौंड, म्हणजे १.७ ते २ न्यूटन-मीटर असतो. हाताच्या अंदाजाने तो साधत नाही. शेवटी प्रत्येक स्क्रूवरून शेजारच्या धातूवर रंगाची एक बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली, की स्क्रू हलला आहे हे मैदानावर एका नजरेत कळते.

नळी फार काळ वाकलेली राहिली नसेल, तर हे सगळे केल्यावर शून्य टिकेल. त्यानंतरही ते सरकत राहिले, तरच दुर्बीण कंपनीकडे पाठवा.

प्रश्न : मी कोल्हापूरचा. मुलगी १० मीटर एअर रायफलचा सराव करते. स्वप्नील कुसाळे यांच्या पदकानंतर तिने मनावर घेतले आहे. तिच्या रायफलीला चांगली दुर्बीण घेऊन द्यावी म्हणतो. कोणती घ्यावी?

उत्तर : कोणतीही घेऊ नका. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत रायफलीवर दुर्बीण लावण्यास मनाई आहे. दुर्बिणीला परवानगी असणारा ‘रनिंग टार्गेट’ हा प्रकार वेगळा आहे आणि तो आता ऑलिंपिकमध्ये नाही. स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह मिळवलेले कांस्यपदक, किंवा तुमच्याच गावच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला प्रोनमध्ये (पालथे झोपून) जिंकलेले जगज्जेतेपद, दोन्ही छिद्राच्या नेमदर्शकांनी, म्हणजे पीप साइटने, मिळवलेली आहेत. १० मीटर एअर रायफलमध्ये दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि नेमदर्शकात एकही भिंग नसताना मुले त्यावर गोळी लावतात.

पैसे खर्चायचेच असतील, तर मागच्या नेमदर्शकासाठी छिद्र लहानमोठे करता येणारी झडप घ्या, आणि तिला चष्मा असेल तर नेमबाजीच्या चौकटीत बसवलेले भिंग नेत्रतज्ज्ञाकडून करून घ्या. पुढे ती ५० मीटरला गेली आणि सराव कागदी लक्ष्यांवर होत असेल, तर तिपाईवर ठेवायची स्पॉटिंग दुर्बीण उपयोगी पडेल. ती रायफलीवर नसते, त्यामुळे नियमात बसते. कोणतीही खरेदी तिच्या प्रशिक्षकांना विचारूनच करा.

प्रश्न : नाशिकला फार्महाउसवर मी स्प्रिंगच्या एअर रायफलने १० ते २५ मीटरवर कागदी लक्ष्यांचा सराव करतो. मित्राने परदेशातून आणलेली ४० मिलिमीटर भिंगाची, मोठ्या रायफलीसाठी केलेली दुर्बीण लावली आहे. १० मीटरवर चित्र पुसट दिसते, डोके हलवले की फुली लक्ष्यावरून सरकते, आणि शंभरएक छऱ्यांनंतर दुर्बीण मागे घसरलेली असते. काय चुकते आहे?

उत्तर : पुसट चित्र आणि सरकणारी फुली यांचे मूळ एकच आहे; घसरण्याचे कारण वेगळे आहे.

डोके हलवल्यावर फुली सरकते तो पॅरॅलॅक्स. लक्ष्याची प्रतिमा आणि फुली एकाच प्रतलात नसतील, तर खिडकीच्या गजातून समोरचे झाड पाहताना मान हलवली की गज झाडावरून सरकतो, तसे होते. मोठ्या रायफलीच्या साध्या दुर्बिणी बहुधा १०० यार्डांसाठी जुळवलेल्या असतात आणि त्यांत बदल करता येत नाही. अशी ४० मिलिमीटरची दुर्बीण १० मीटरवर वापरली आणि डोळा अगदी कडेला असला, तर चूक पावणेदोन सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकते, म्हणजे साडेचार मिलिमीटरचे चार छरे शेजारी शेजारी ठेवल्याएवढी. उपाय म्हणजे बाजूच्या नॉबने किंवा पुढच्या भिंगाच्या कड्याने १० मीटरपर्यंत जुळवता येणारी दुर्बीण. तिच्यावरच्या आकड्यांवर मात्र विसंबू नका. आधी मागच्या कड्याने फुली तुमच्या डोळ्यासाठी रेखीव करून घ्या, मग डोके हळूहळू खालीवर करत फुली लक्ष्यावर स्थिर राहीपर्यंत नॉब फिरवा, आणि तिथे स्वतःची खूण करा. ती येईपर्यंत गाल दर वेळी त्याच जागी टेकवा. डोळा मधोमध असेल तर ही चूक नाहीशी होते.

घसरण्याचे कारण तुमच्या रायफलीच्या जातीत आहे. काडतुसाच्या रायफलीचा धक्का एकाच दिशेने बसतो. स्प्रिंगच्या एअर रायफलीत जड पिस्टन पुढे धावताना रायफल मागे येते, आणि तो सिलिंडरच्या पुढच्या टोकाशी हवेच्या उशीवर आदळून थांबतो तेव्हा ती झटक्याने पुढे जाते. हा उलटा झटका मोठ्या रायफलींसाठी केलेल्या दुर्बिणींना सोसत नाही. आतली फुली निखळल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. म्हणून दुर्बीण घेताना ती स्प्रिंगच्या एअर रायफलीसाठी चालते, असे कंपनीने लिहिलेले असले पाहिजे. माउंट ११ मिलिमीटरच्या डव्हटेल खाचेसाठी केलेला, एकसंध आणि खाली अडसराची खिट्टी असलेला घ्या. रायफलीच्या पाठीवर त्या खिट्टीसाठी छिद्र असते, त्यात ती बसली की दुर्बिणीला मागे सरकता येत नाही. छिद्र नसेल तर माउंटच्या मागे वेगळा अडसर आवळता येतो. खाच आणि माउंटचे जबडे दोन्ही तेलरहित करूनच आवळा. पिकॅटिनीचा माउंट या खाचेवर ठोकून बसवण्याचा प्रयत्न काही जण करतात. तो कधीही करू नका, कारण जबडे दोन ठिकाणीच टेकतात आणि रायफलीची खाच कायमची खराब होते.